मागच्या भिंतीचा वेल

किशिनौ, ३ मार्च १९७९

दोम्निकाबाई,

माझं नाव तुमच्या घरात कधी निघालं असेल की नाही, मला माहीत नाही. मी ओलिंपिया. तुमच्या आधी नऊ वर्षं इलारियोन माझा नवरा होता. जानेवारीत तो गेला हे मला कळायला मार्च उजाडला. तेही आमच्या द्राक्ष-संशोधन संस्थेत कलमांच्या काड्या पोहोचवायला आलेला तुमच्या गावचा माणूस सहज बोलून गेला म्हणून. चाळिसाव्या दिवसाचं जेवणही एव्हाना झालं असेल. माझी मेणबत्ती मी इथे लावली.

आता कामाचं लिहिते, कारण सांत्वन करायला मी योग्य बाई नाही. तुमच्या घराच्या मागच्या भिंतीवर एक द्राक्षवेल आहे. १९५७ साली आम्ही दोघांनी दोन जातींचा संकर करून बी पेरलं होतं, त्यातला तेवढा एकच जगला. १९६० मध्ये मी शहरात शिकायला आले ती परत गेले नाही. निघताना इलारियोनला एवढंच म्हणाले होते, ‘याच्यावर औषध मारू नकोस. औषधाशिवाय टिकला तर मला कळव.’ त्याने कळवलं. दर वर्षी द्राक्षं उतरली की एक पत्र, अशी अठरा पत्रं. त्यांत वेलाशिवाय काही नसायचं. गावात सगळीकडे वेलांवर केवडा रोग येतो, पानं पिवळी पडतात, खालून पांढरी बुरशी धरते, आणि याला काही होत नाही, हे त्याने अठरा वेळा लिहिलंय.

मी वीस वर्षं याच विषयात आहे. झाडाला पळता येत नाही. मग बुरशी अंगात शिरली की ते करतं काय? काही वेल पानातल्या पानात एक द्रव्य तयार करतात, ते बुरशीला मारक असतं. अतिनील दिव्याखाली असं पान निळं चमकतं. काही वेल त्याहून कडक. बुरशी जिथे शिरली तिथल्या आपल्याच पेशी ते मारून टाकतात, म्हणजे तिला पुढे खायला काही उरत नाही. रानटी वेलांना हे येतं, पण त्यांची फळं तोंडात धरवत नाहीत. गोड द्राक्षं देणारा आणि असा लढणारा वेल मी अजून पाहिलेला नाही. इलारियोनचा तसा असेल तर त्याची जात म्हणून नोंद करता येईल. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. त्याआधी मला हे एक काम पुरं करायचंय.

मागणी एवढीच. या उन्हाळ्यात त्यावर काही फवारू नका, आणि जूनमध्ये मला थोडी पानं पाठवा.

ओलिंपिया

*

नुकेनी, १९ मार्च

डॉक्टरीणबाई,

अठरा पत्रं! पहिली तीन माझ्या लग्नाआधीची, ती मी सोडून देते. उरलेली पंधरा माझ्या संसारातली.

पंधरा वर्षं मी त्या माणसाचे मोजे रफू केले, त्याच्या खोकल्याला मध चाटवला, आणि त्याने मला एक ओळ लिहिली नाही. लिहिणं सोडा, बोलायलाच त्याला कष्ट पडायचे. दर ऑक्टोबरात ‘छाटणीच्या कात्रीला धार लावून आणतो’ म्हणून तालुक्याला जायचा. मी म्हणायचे, अहो, एवढी कशी बोथट होते तुमची कात्री? आता कळलं. आणि तुमची उत्तरं शेताच्या कचेरीत यायची, नाही का? मळ्याचा मुकादम तोच, टपाल आधी त्याच्याच हातात. घरी आलं असतं तर पोस्टातल्या अनास्तासियाने चुलीपर्यंत येऊन मला वाचून दाखवलं असतं.

आणि तो वेल मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? लग्नानंतरचा पहिला वसंत. द्राक्षाच्या पानांत भात आणि मांस गुंडाळून सारमाले करायचे म्हणून कोवळी पानं खुडायला मी मागे गेले. हा अंगावर ओरडला, ‘त्याला हात लावायचा नाही! फाटकावरच्या वेलाची घे.’ नवी नवरी मी, एप्रनमध्ये चार पानं घेऊन चोरासारखी उभी. संध्याकाळी सासूबाईंनी कानात सांगितलं, तो थोरलीचा वेल आहे. म्हणजे सवत अंगणात उभी होती, डॉक्टरीणबाई, आणि मी तिच्या शेजारी दोरी बांधून कपडे वाळत घालत होते.

मला तो उपटायचा आहे. माझ्या कुऱ्हाडीला घरीच धार लागते.

पण तुम्हाला पानं हवीत आणि मला पत्रं हवीत. वेलाचीच तर वेलाची. पानांची एक खेप, त्याचं एक पत्र. जमत असेल तर कळवा, नाहीतर ईस्टरच्या आत वेल चुलीत जाईल.

दोम्निका

*

किशिनौ, २ एप्रिल

दोम्निकाबाई,

तुमचा सौदा मला आवडलेला नाही, पण कुऱ्हाडीपुढे माझं काय चालणार? कबूल आहे. मात्र मूळ कागद मी देणार नाही. ती पत्रं माझी आहेत, आजवर कुणाला दाखवलेली नाहीत. स्वतःच्या हाताने एक उतरवून पाठवतेय, तेही आगाऊ. १९६४ चं आहे.

‘ओलिंपिया, यंदा मे महिनाभर पाऊस. गावात केवड्याने कहर केला, मळ्यातल्या अर्ध्या वेलांची पानं ऑगस्टातच गळली. आपला वेल ठीक आहे. वेलावर औषधाचा थेंब मारलेला नाही. घड बत्तीस. गोडी बरी. काळजी घे. इलारियोन.’

पाहा, तुम्ही शोधताय तसं त्यात काही नाही. तुम्ही म्हणता तो तुमच्याशी बोलायचा नाही. मला वाटत होतं हा मान माझा एकटीचा होता.

पानं अशी खुडा: शेंड्यापासून तिसरं, सकाळी, दव सुकल्यावर. ओल्या फडक्यात गुंडाळून बसवाल्या अफानासीच्या हाती द्या. तो आमच्या फाटकावर ठेवून जातो.

ओलिंपिया

*

नुकेनी, ११ जून

डॉक्टरीणबाई,

पानं पाठवतेय, तीस आहेत. काही फवारलेलं नाही. हवं तर त्याच्या थडग्यावर हात ठेवून सांगते; परवाच तिथलं गवत काढून आले.

तुमचं ते ‘त्यात काही नाही’ वालं पत्र मी अकरा वेळा वाचलं. ‘आपला वेल’ म्हणे! आपला कुणाचा? मुळाला पाणी मी घालायचे, घड मी उतरवायचे, भांडी मी घासायचे, आणि वेल तुम्हा दोघांचा. आणि शेवटी ‘काळजी घे’. मला तो आयुष्यात कधी काळजी घे म्हणाला नाही. ‘दार लाव’ म्हणायचा.

सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मेलेल्या माणसाशी कसलं भांडण? पण मी मेलेल्याशी भांडतच नाहीये. तुम्ही चांगल्या जिवंत आहात.

दुसरं पत्र पाठवा. जरा लांबलचक निवडा.

दोम्निका

*

किशिनौ, २ जुलै

दोम्निकाबाई,

पानं कोरी निघाली. दिव्याखाली एकाही पानावर चमक नाही. आधी वाटलं माझं काही चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग मी पानं धुतली आणि ते पाणी तपासलं. त्यात तांबं निघालं. मोरचूद, बाई.

तुम्हीही मळ्यात काम करत असाल, तरी सांगते, कारण हे मळ्यात कुणी शिकवत नाही. पान ते द्रव्य आधीपासून साठवून ठेवत नाही. बुरशी आत शिरायला लागली की मगच ते बनवायला घेतं. पानावर मोरचूद असला की बुरशी दारातच मरते. मग वेलाला आपणहून काही करायची वेळच येत नाही, आणि त्याला काही करता येतं की नाही हे कुणालाच कळत नाही. माझा एक अख्खा उन्हाळा फुकट गेला, आणि माझ्याकडे तेवढे उन्हाळे उरलेले नाहीत.

तुम्हाला माझा मत्सर वाटतो हे मी समजू शकते. मलाही तुमचा वाटतो. शेवटी त्याचे डोळे मिटले ते तुमच्या हाताने. पण थडग्यावर हात ठेवून खोटं बोलायचं? दुसरं पत्र मिळणार नाही.

ओलिंपिया

*

नुकेनी, ९ जुलै

ओलिंपिया,

आता मी अहो-जाहो करणार नाही. तू मला खोटारडी म्हणालीस.

वेलावर मी काही मारलेलं नाही. पंप पाठीवर घेतला तो भिंतीसाठी. शहरात राहून विसरलीस वाटतं गावात घरं कशी रंगवतात ते! चुना भिजवायचा, त्यात मोरचूद कालवायचा आणि ईस्टरच्या आत घर आभाळासारखं निळं करायचं. ज्या बाईच्या भिंती फिक्या राहिल्या तिला गाव वर्षभर नावं ठेवतं. पुढच्या तीन भिंती मी ब्रशने करते. मागची मात्र तो कुणाला करू द्यायचा नाही. म्हणायचा, खडबडीत आहे, ब्रश फिरत नाही, म्हणून पंपाने करायचा. ईस्टरला एकदा, चेऱ्या लाल झाल्या की एकदा, आणि जुलैच्या मध्यावर, संत पेत्रूच्या सणाला, पुन्हा एकदा. जिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही ती भिंत वर्षातून तीनदा! मी मनात म्हणायचे, सजवा, थोरलीच्या वेलामागचा पडदा सजवा. एकदा टोमणाही मारला, ‘वेलाला औषध मारताय की काय?’ तर माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘मी भिंत रंगवतोय.’ कोर्टात शपथेवर सांगावं तसं. यंदा तो नाही, म्हणून मीच त्याच्यासारखी रंगवली. ईस्टरला एकदा आणि चेऱ्यांच्या वेळी एकदा. भिंत त्याला आवडायची, म्हणून.

इथपर्यंत लिहिलं, आणि उठून पाणी प्यायले.

चुना आणि मोरचूद. अगं, मळ्यात केवड्यावर मी तेवीस वर्षं दुसरं काय फवारलं? तेच की! बादली तीच, पंप तोच. आणि माझ्या अंगणात माझा नवरा तेच करत होता तर मला तो तुझी आठवण रंगवताना दिसला. मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात, ते उगाच नाही.

म्हणजे बघ, मुकादम इलारियोनने तुला अठरा वर्षं चुना लावला. ‘वेलावर औषधाचा थेंब मारलेला नाही.’ खरंच आहे, तो भिंतीवर मारत होता. माझा नवरा खोटं बोलत नसे!

आणि ती सारमाल्याची पानं. मोरचुदाची पानं शिजवून खाल्ली असती तर मी ओकून ओकून अर्धमेली झाले असते. म्हणून ओरडला तो. पंधरा वर्षं मी ते ओरडणं उशाला घेऊन झोपले, आणि ते माझ्याच पोटासाठी होतं. आज सकाळपासून मला हसू आवरत नाहीये. शेजारच्या ग्लिकेरियाला वाटलं, मी दुःखाने वेडी झाले.

तुझ्याशी खोटं बोलला, मला जपलं. आता सांग, बायको कोण होती?

दोम्निका

*

किशिनौ, ३० जुलै

दोम्निकाबाई,

तुम्ही होतात.

या वेलावर अहवाल देणार असं मी मार्चमध्येच वरिष्ठांना तोंडी सांगून ठेवलं होतं. परवा जाऊन सांगून आले, तो येणार नाही. खोलीत माझे तीन विद्यार्थी बसले होते. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी ‘माहिती विश्वासार्ह नव्हती’ एवढंच म्हणाले.

सोबत सगळी पत्रं पाठवतेय. अठराच्या अठरा, मूळ कागद. माझ्याकडे ती दुमडून, रिबिनीत बांधून, पुस्तकांच्या मागे होती. आता तिथे हात जाऊ नये असं वाटतं. तुम्हाला हवी होती ना? ठेवा.

मी नऊ वर्षं त्याच्याबरोबर राहिले. तो माझ्यावर एकदाही ओरडला नाही. तुमच्या एप्रनमधल्या त्या चार पानांचा मला किती हेवा वाटतोय, ते सांगून तुम्हाला आणखी सुख देत नाही.

वेलाचं काय करायचं ते करा.

ओलिंपिया

*

नुकेनी, १७ सप्टेंबर

ओलिंपिया,

इतके दिवस लिहिलं नाही कारण मी एक वाईट काम करत होते. ते आता सांगते.

मी जिंकले आणि दोन दिवस जिंकलेली राहिले. तिसऱ्या दिवशी पत्रं ओळीने लावून वाचली. अठरा वेळा पाऊस, अठरा वेळा घड, अठरा वेळा ‘काळजी घे’. माझं नाव एकदाही नाही. १९७१ मध्ये माझं ऑपरेशन झालं, महिनाभर तो स्वतः मक्याचं पीठ शिजवून मामालिगा ढवळत होता, रोज करपवत होता. त्या वर्षीच्या पत्रात काय? घड एकेचाळीस.

मग डोक्यात प्रकाश पडला. तू म्हणाली होतीस, औषधाशिवाय टिकला तर कळव. टिकला नसता तर कळवायला काही उरलं नसतं. म्हणून तो पंप. खोकला असताना, गुडघे दुखत असताना, वर्षातून तीनदा. तो वेलाला जपतच नव्हता, तुला पत्र लिहायचं निमित्त जपत होता. मला विषापासून वाचवलं ते खरं, पण ते विष तुझ्यासाठीच मारलेलं होतं ना?

मग मला तो वेल डोळ्यांसमोर नकोसा झाला. कुऱ्हाड घातली असती तर गावाने विचारलं असतं. म्हटलं, आपल्या मरणाने मरू दे. संत पेत्रूच्या सणाला भिंतीला हात लावलाच नव्हता, पुढेही लावला नाही. ऑगस्टात दहा दिवस पाऊस लागला, राहिलासाहिला चुना धुऊन गेला, वेलाला नवी पालवी फुटली. ग्लिकेरियाचे वेल तोवर केवड्याने बसले होते. तिची आजारी पानं मी टोपलीभर आणली, खालून पांढरी लोकर धरलेली, चांगली निवडून. ती दोऱ्याने या वेलाच्या नव्या पानांना लावून बांधली, उलटी, पोटाला पोट लावून. संध्याकाळी वरून पाणी शिंपडलं. रोग कसा पसरतो ते मला चांगलं माहीत आहे, तेवीस वर्षं त्याच्यामागे धावलेय.

चौथ्या दिवशी पानांवर काळे ठिपके आले, सुईने टोचल्यासारखे. मी घरात येऊन एक पेला वाईन ओतून घेतली आणि तुझ्या नावाने प्यायले. म्हटलं, गेली सवत.

दहाव्या दिवशी ठिपके तेवढेच. विसाव्या दिवशी तेवढेच. पान पिवळं पडेना, पांढरी लोकर धरेना. ग्लिकेरियाच्या मांडवावर आता नुसत्या काड्या उरल्यात, आणि हा मेला माझ्या तोंडावर द्राक्षं पिकवतोय. भिंत फिकी पडलीये, त्याच्यावर काही नाही, मी त्याच्या अंगावर एवढा रोग घातला तरी तो उभा.

ठिपक्यांची पानं अफानासीबरोबर पाठवलीत, सोबत एक घडही आहे. तू मागितली नाहीस, मला माहीत आहे. बदल्यात पत्रही मागत नाही. मला फक्त कळायला हवं, हा मरत का नाही?

दोम्निका

*

किशिनौ, ८ ऑक्टोबर

दोम्निका,

मलाही आता अहो-जाहो जमत नाही.

तुझी पानं दिव्याखाली धरली आणि दार आतून लावून घेतलं. प्रत्येक काळ्या ठिपक्याभोवती निळं कडं होतं. सगळ्या पानांवर. मी तासभर दिवा बंद केला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. तू रोग म्हणून पाहिलास तो काळा ठिपका रोग नव्हता. बुरशी शिरली तिथला आपला तेवढा कण पानाने स्वतःच मारला. भोवतीच्या जिवंत भागाने ते द्रव्य बनवलं, आणि बुरशी तिथेच अडकून उपाशी मेली. काल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तिचे धागे ठिपक्याबाहेर एक केसभरसुद्धा गेलेले नाहीत. आणि सोबत तू पाठवलेला घड मी खाल्ला. गोड आहे.

तू जे केलंस तेच मी प्रयोगशाळेत केलं असतं. मोरचूद नाही, कोवळी पानं, पानाच्या पोटाकडून ताजी लागण, वरून ओल. मी इतकी निष्ठुर झाले नसते, थोड्या पानांवर भागवलं असतं. या तऱ्हेची चाचणी मी आजवर इतकी कडक पाहिलेली नाही. वरिष्ठांकडे पुन्हा गेले. अहवाल जाणार आहे. ‘लागण कोणी केली’ या रकान्यात तुझं नाव लिहिलंय. ‘कशासाठी’ असा रकाना सुदैवाने नाही.

म्हणजे वेल पहिल्यापासून समर्थ होता. इलारियोनने मारलेल्या त्या सगळ्या चुन्याची त्याला गरजच नव्हती. पण ते त्याला कळणार कसं? त्याने वेलाला एकदाही आजारी पडू दिलं नाही. अठरा वर्षं तो मला खरी गोष्ट खोटी समजून कळवत होता.

फेब्रुवारीत छाटणीच्या वेळी मला काड्या लागतील. आणि आणखी एक. जुलैत मी पत्रं रागाच्या भरात पाठवली. ती परत पाठव. त्यांतलं वेलाबद्दलचं सगळं खरं निघालं, म्हणजे आता ती पुन्हा माझी झाली.

ओलिंपिया

*

नुकेनी, १० नोव्हेंबर

ओलिंपिया,

पत्रं मिळणार नाहीत. पाठवताना विचार करायचा होतास. ती मी कपाटात ठेवून कुलूप लावलंय, आणि किल्ली कुठे आहे ते अनास्तासियालासुद्धा माहीत नाही.

परवा गावाचा सण झाला. या वेलाची वाईन अजून कच्ची आहे, तरी मी पाहुण्यांपुढे ठेवली. ग्लिकेरियाने तीन पेले घेतले आणि विचारलं, काय फवारता हो यावर? मी म्हटलं, काही नाही. ती हसली. खरं बोललं की कुणाला पटत नाही, त्याची मला आता सवय करायला हवी.

तुझं पत्र आल्यापासून मला एकच गोष्ट खातेय. वेल टिकणार नाही असं वाटलं म्हणून त्याने वेल झाकून ठेवला. मी टिकणार नाही असं वाटलं म्हणून माझ्यापासून पत्रं झाकून ठेवली. अगं, सांगितलं असतं तर मी काय मेले असते? आदळआपट केली असती. दोन मडकी फोडली असती. आईकडे जाऊन आठवडाभर राहिले असते आणि तिथे सगळ्यांना त्याची गाऱ्हाणी सांगितली असती. मग परत आले असते आणि म्हटलं असतं, लिहा तिला, पण आधी मला वाचून दाखवा, आणि घडांच्या खाली माझं ऑपरेशनही लिहा. पंधरा वर्षं एका छपराखाली काढली आणि त्या माणसाने मला हे एकदाही करू दिलं नाही. तुझा राग येतो, अजून येतो, खोटं कशाला बोलू? पण त्याचा जास्त येतो, आणि तो आता ऐकायला नाही.

फेब्रुवारीत काड्यांना ये. अफानासीची बस दुपारी दोनला पोहोचते, मी फाटकाशी असेन. जेवायला घालीन. पत्रं वाचायची तर इथे बसून वाच, मी समोर बसेन, एकेक देईन आणि एकेक परत घेईन.

त्याच्या पत्रांना तू दिलेली उत्तरं मात्र मला मिळालेली नाहीत. घर पालथं घातलं, कचेरीतली कपाटं उघडायला लावली. जाळली असणार. तेव्हा तू येशील तेव्हा ती तुझ्या तोंडून ऐकायची आहेत, आठवतील तेवढी सगळी. मला बरं वाटावं म्हणून त्यातलं काही गाळू नकोस. मी टिकेन.

दोम्निका